पंधरा वर्षांची गाडी

मुंबईत काही यंत्रांचे आयुष्य नियमाने ठरते. 15 सप्टेंबर 2023 रोजी अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर सुटली. पंधरा वर्षे भरली, गाडी मोडीत. पुढच्याच महिन्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची पाळी आली. शहरातली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनी अधिकृतपणे उरली नाही. तिचे इंजिन अजून धड होते की नाही याची चौकशी कुणी केली नाही. तारीख आली, विषय संपला.

घरच्या मोटरसायकलला अशी तारीख नसते, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवून, शुल्क भरून पाच-पाच वर्षांनी पुढे नेता येते. दिल्ली परिसरात हरित न्यायाधिकरणाच्या आदेशामुळे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, ती नंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजली. मुंबईत खासगी गाड्यांना तसा सरसकट नियम नाही. इथे गाडी कधी बदलायची ते मालकानेच ठरवायचे असते, आणि मालकाला बहुधा ते ठरवायचे नसते.

गोरेगावच्या सोसायट्यांत हा प्रश्न सध्या बराच ऐकू येतो, त्याला कारण आहे. रॉयल एनफील्डने 2008 च्या अखेरीस थंडरबर्ड ट्विनस्पार्कमधून आणि पुढच्या वर्षी क्लासिकमधून नवे 346 सीसीचे इंजिन आणले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, सेल्फ स्टार्ट, आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट. बुलेट ठेवायची म्हणजे घरात मिस्त्री हवा, ही जुनी समजूत त्या इंजिनाने मोडली. रविवारी माळशेज, दिवाळीत गोवा आणि एकदा तरी लडाख, असे मनात असलेल्या नोकरदारांनी ती गाडी घेतली. पूर्वेला गोकुळधाम, दिंडोशी, पश्चिमेला बांगूरनगर, जवाहरनगर, कुठल्याही इमारतीखाली डोकावा. एमएच-02 ची पाटी, लेग गार्ड, मागे सामानाचा कॅरिअर अशी एखादी तरी उभी दिसेल. पाटीवरच्या 02 वरूनही वय कळते: ती नोंदणी अंधेरीची, बोरिवलीचे एमएच-47 नंतर आले. यातल्या बहुतेक गाड्यांची पंधरा वर्षे भरली आहेत किंवा भरत आली आहेत.

कागदांचे आधी उरकून टाकू, कारण तो या निर्णयाचा सर्वांत सोपा भाग आहे आणि लोक नेमके त्यालाच घाबरतात. मोटरसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 1,000 रुपये आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 2,000. उशीर केला तर दर महिन्याला 300 रुपये वाढतात. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. पाटी 2019 पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा पाटी हवी, तिचे दुचाकीसाठी 450 रुपये आणि वर जीएसटी. पीयूसी जुन्या गाडीला सहा महिन्यांचीच मिळते. पासिंगच्या वेळी चेसिस आणि इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून पाहतात, त्यामुळे मधल्या काळात इंजिनाचा क्रँककेस बदलला असेल आणि त्याची नोंद केली नसेल तर तिथे अडकायला होते. एवढे सोडले तर खर्च आणि त्रास दोन्ही, एका चांगल्या टायरच्या जोडीपेक्षा जास्त नाही. ‘आता पासिंग आलं, म्हणून गाडी काढून टाकतो’ असे कुणी म्हणाले, तर खरे कारण दुसरे आहे असे खुशाल समजावे.

खरे कारण काय असावे, यावर एका अर्थशास्त्रज्ञाने फार सुरेख काम करून ठेवले आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात हॅरल्ड झर्चर नावाचे गृहस्थ शहराच्या बसगाड्यांच्या देखभालीचे प्रमुख होते. कुठल्या बसचे इंजिन कधी उतरवून नवे किंवा दुरुस्त केलेले चढवायचे, हे ते ठरवत. जॉन रस्ट यांनी त्यांची दहा वर्षांची नोंद घेतली, कुठली बस दर महिन्याला किती मैल धावली आणि तिचे इंजिन कधी बदलले, आणि 1987 साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. आज जगभरच्या अर्थशास्त्र विभागांत तो निबंध शिकवतात. डेपोत हाताला ग्रीस लागलेल्या माणसाचा अंदाज पुढे अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसला, हे मला फार आवडते.

झर्चर यांना दर महिन्याला एकच प्रश्न पडत होता: आज बदलू की आणखी एक महिना चालवू? ‘कधी बदलू’ हा प्रश्न त्यांना एकदाच सोडवून टाकायचा नव्हता. थांबण्याला स्वतःची किंमत असते, कारण थांबल्याने आणखी माहिती मिळते आणि मोठा खर्च पुढे जातो. पण थांबण्यात जोखीमही असते. रस्ट यांच्या हिशेबात इंजिन चालवण्याच्या खर्चात तेल आणि दुरुस्तीबरोबर आणखी एक गोष्ट धरली होती. बस भर रस्त्यात बंद पडली की खोळंबलेल्या प्रवाशांचा विश्वास जातो, त्याचीही किंमत. ती कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते, पण झर्चर यांच्या निर्णयांतून ती मागे जाऊन काढता येत होती.

लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलला हे तंतोतंत लागू पडते. रोज गोरेगाव ते सीप्झ जाणाऱ्या गाडीची चेन तुटली तर अर्ध्या तासात कुणीतरी मिस्त्री सापडतो आणि रिक्षाने कामावर जाता येते. तीच चेन रात्री नऊला कशेडी घाटाच्या अलीकडे तुटली, मागे बायको बसलेली, पाऊस लागलेला, तर ती 3,000 रुपयांची चेन राहत नाही. म्हणून एकच गाडी रोजच्या वापरासाठी उत्तम आणि दौऱ्यासाठी संपलेली असू शकते. ‘गाडी चांगली आहे का?’ हा प्रश्न अर्धा आहे. ‘कशासाठी?’ हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

आता गाडीकडे बघू. जुन्या गाडीत दोन प्रकारची झीज असते आणि त्यांची गल्लत केली की निर्णय चुकतो. पहिली झीज बदलायच्या वस्तूंची: टायर, चेनसेट, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, केबल, बॅटरी, शॉकॲबचे सील, हँडलचा कोनसेट. या वस्तू झिजण्यासाठीच असतात. सात-आठ वर्षांच्या आळसानंतर त्या सगळ्या एकदम झिजलेल्या सापडतात, गाडी हलते, डोलते, ब्रेकला दचकते, आणि मालक म्हणतो गाडी म्हातारी झाली. गाडी म्हातारी झालेली नसते, तिच्याकडे कुणी पाहिलेले नसते. पस्तीस-चाळीस हजारांत यातले सगळे नवे बसते आणि गाडी ओळखू येत नाही.

टायरचे उदाहरण घ्या. दौऱ्याची गाडी वर्षातून चार वेळा निघते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते. पण रबर वापराने झिजते तसे काळानेही कडक होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी कितीही असली तरी ओल्या घाटात भरवशाचा नसतो. ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतले पाणी शोषते आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. दोन वर्षांनी ते बदलावे लागते. घाट उतरताना ब्रेक मऊ पडला तर पॅडपेक्षा बाटलीतले जुने तेल आधी आठवावे.

दुसरी झीज सांगाड्याची आणि नसांची. गोरेगावात तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. पश्चिमेला मालाडची खाडी आणि कांदळवन, पूर्वेला आरेची झाडे, आणि मध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईचा पाऊस. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कव्हर घालून उभी केलेली गाडी कोरडी राहते असे वाटते. पण हवा न जाणारे कव्हर खालची ओल आत कोंडून ठेवते, आणि गाडी उघड्यावर राहिली असती त्याहून लवकर गंजते. गंज टाकीच्या बाहेर दिसला तर फार काळजी नको. टाकीचे झाकण उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघा. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली की रिकाम्या भागात दव धरते आणि आतून पत्रा लाल होतो, मग ते कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. सायलेन्सर गळला तर नवा मिळतो. चिमट्याचे बुश, मधल्या स्टँडची बैठक, चेसिसला जिथे वेल्डिंग आहे ते सांधे, हे मात्र खिळ्याच्या टोकाने खरवडून बघावे. पापुद्रे सुटले आणि खालचा धातू लागला नाही, तर त्या गाडीवर इंजिनाचे काम करण्यात अर्थ नाही.

नसा म्हणजे वायरिंग. पंधरा पावसाळे गेलेल्या वायरच्या जोडात तांब्यावर हिरवट थर चढतो. एक दिवस हॉर्न बंद, दुसऱ्या दिवशी सुरू, बॅटरी नवी टाकली तरी महिन्यात उतरली, सेल्फ दाबला तर नुसता टक आवाज, असे चालते. हे दोष इंजिनाच्या दोषांपेक्षा जास्त त्रास देतात, कारण ते मिस्त्रीसमोर कधीच दिसत नाहीत. संपूर्ण वायरिंग हार्नेस नवा टाकणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे, पण तो मिळत असेल तोवरच.

इंजिनाबद्दल लोकांना सर्वांत जास्त धास्ती असते, आणि माझ्या मते ती सर्वांत अनाठायी. कारण इंजिन आपला आजार सांगते. सायलेन्सरमधून निळसर धूर आणि दर हजार किलोमीटरला तेल घालावे लागणे म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, कार्बोरेटर बघा. या इंजिनात ओतीव लोखंडाचे अस्तर असलेला सिलिंडर आहे, तो बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालता येतो, पुढे आणखी पाव, असे करत साधारण एक मिलिमीटरपर्यंत. मिस्त्री याला हाफ इंजिन म्हणतात. खालून, म्हणजे क्रँकच्या बाजूने, ठोका येऊ लागला तर फुल इंजिन. हाफ इंजिन हा गाडी बदलायचा प्रसंग नव्हे. फुल इंजिन असेल तर थांबून हिशेब करावा.

गोरेगावातले एक अनुभवी मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकले आहे: “काका, इंजिनाचं राहू द्या, ते मी बघतो. आधी दोन्ही हात सोडून चाळीसच्या स्पीडला सरळ जाते का ते सांगा.” हात सोडून चालवायचा सल्ला मी कुणाला देणार नाही, पण त्यांचा रोख बरोबर आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि टायर, बेअरिंग, चाकाची आउट सगळे तपासूनही ओढत राहिली, तर कधीतरी पडल्यावर चेसिस वाकलेली असते. वाकलेली चेसिस सरळ करून देणारे लोक आहेत, तरी तसली गाडी दौऱ्याला नेऊ नये.

आता शोरूममधल्या गाडीकडे वळू. तिथे मिळते काय?

ताकद, असे विक्रेता सांगेल. जुन्या 346 सीसीच्या इंजिनाची ताकद सुमारे 19.8 अश्वशक्ती. 2020 साली मेटिऑरमधून आलेल्या आणि 2021 मध्ये क्लासिकमध्ये बसलेल्या नव्या 349 सीसी इंजिनाची 20.2. बारा वर्षांत अर्धा घोडासुद्धा वाढला नाही! बदलले ते वेगळेच आहे. नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे लांब पल्ल्यावर हाताला मुंग्या येत नाहीत. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, एबीएस आहे. 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलांना एप्रिल 2018 पासून आणि सर्वच विक्रीला एप्रिल 2019 पासून ते सक्तीचे झाले. जोरात ब्रेक मारला की चाक लॉक होऊन घसरते. एबीएस चाकाच्या फिरण्यावर नजर ठेवून ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते आणि धरते, त्यामुळे चाक फिरते राहते आणि हँडल वळते राहते. जुन्या गाडीला ते मागून बसवणे व्यवहारात शक्य नाही. पावसाळ्यात घाटात जाणाऱ्या माणसाने जुनी गाडी बदलावी का, असे मला विचारले तर हे एकच कारण मी पुरेसे मानतो. बाकीची सगळी कारणे याच्या मागून येतात.

ताकद हवी असेल तर 450 सीसीची हिमालयन आहे, 2023 च्या नोव्हेंबरात आलेली, सुमारे 40 अश्वशक्तीची. जुन्या गाडीच्या दुप्पट. पण गोरेगावहून निघालेला माणूस ती दुप्पट ताकद वापरणार कुठे, हा प्रश्न नकाशा पुढ्यात घेऊन विचारण्यासारखा आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी. किनारी रस्त्यावर बंदी. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला, तिथेही बंदी. महाराष्ट्रात वेगाने जाण्यासाठी म्हणून जे जे रस्ते बांधले गेले, त्यांवर मोटरसायकल चालत नाही. उरतो तो जुना पुणे रस्ता, कसारा घाट, मुरबाडवरून माळशेज, उत्तरेला घोडबंदर नाक्यापासून गुजरातकडे जाणारा हायवे, आणि मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि ज्याच्यावरच्या खड्ड्यांचा हिशेब कोकणी माणूस वर्षांत करतो. चार पदरी दुभाजित रस्त्यावरही दुचाकीला केंद्राची मर्यादा ताशी 80 आहे. या रस्त्यांवर वीस अश्वशक्ती दोन माणसे आणि गणपतीचे सामान घेऊन सुखाने जाते. जास्त ताकदीपेक्षा चांगला ब्रेक, लांब हालचालीचे शॉकॲब आणि रात्री उजेड पाडणारा दिवा या रस्त्यांवर जास्त उपयोगाचा. यातला दिवा तर जुन्या गाडीलाही बसवता येतो. उत्तराखंड, लडाख, राजस्थान अशा लांबच्या वाऱ्या खरोखर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मनातल्या मनात करणाऱ्यांची नाही.

यात सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून आणखी एक रेघ ओढली आहे. 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांवर आधी उपकरासह 31 टक्के पडत होते, तिथे 40 झाले. मूळ किंमत दीड लाख असलेली 350 ची गाडी 1,92,000 वरून 1,77,000 वर आली. सव्वादोन लाख मूळ किमतीची मोठी गाडी सुमारे 2,95,000 वरून 3,15,000 वर गेली. उत्पादक यातले काही स्वतःच्या खिशातून सोसतात ते निराळे. जुनी 346 देऊन नवी 349 घेणाऱ्याला ही वेळ बरी आहे, हे मान्य करायला हवे.

आता रुपयांचा हिशेब. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, वाचकाने आपले घालावेत. नवी गाडी शोरूममध्ये 2,00,000, रस्त्यावर येईपर्यंत कर, विमा, नोंदणी धरून 2,40,000. जुनीचे 50,000 आले. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या पायऱ्यांनी उतरवतात त्यात पहिले वर्ष ओलांडले की 20 टक्के आणि पाचव्या वर्षाअखेर 50 टक्के घट धरतात. म्हणजे वर्षभराने 2,40,000 ची गाडी 1,60,000 ची झाली, 80,000 गेले, न मिळालेल्या व्याजाचे तेरा हजार वेगळे. जुनीवर पहिल्या वर्षी अगदी सढळ हाताने काम केले तरी 40,000. एक वर्षाचा हिशेब केला तर जुनी ठेवणेच शहाणपणाचे. दर वर्षी एकाच वर्षाचा हिशेब केला, तर ती कधीच बदलू नये.

पाच वर्षांवर पसरून पाहिले की चित्र बदलते. नवीची घट वर्षाला 28,000, अडकलेल्या पैशाचे व्याज सरासरी 9,000, सर्व्हिसिंग आणि विमा मिळून 8,000: एकूण 45,000. जुनीवर पहिल्या वर्षी 40,000 आणि नंतरची चार वर्षे 12,000 धरले तर वर्षाला 17,600, आणि तिची स्वतःची घट 5,000: एकूण 22,600. फरक वर्षाला 22,400, महिन्याला सुमारे 1,900 रुपये. म्हणजे महिन्याला एवढे पैसे देऊन आपण एबीएस घेतो, थरथर कमी करून घेतो आणि रस्त्यात अडकण्याची शक्यता घटवतो. झर्चर यांना डेपोत जो अदृश्य खर्च दिसत होता, तो इथे 1,900 रुपयांच्या समोर ठेवायचा. वर्षातून एकदा पावसात लोणावळ्याला जाणाऱ्याला ते महाग आहेत. दर महिन्याला मुलीला मागे बसवून सातारा-कोल्हापूर करणाऱ्याला स्वस्त. आणि देखभालीच्या नावाखाली नव्या गाडीची हौस भागवायची असेल तर तेही चालेल, हौसेला मोल असतेच. फक्त तिची पावती मिस्त्रीच्या नावावर फाडू नये.

जुनी ठेवायची तर पेट्रोलकडे लक्ष द्यावे लागेल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यातले काही आपल्याच उसाच्या मळीचे आणि रसाचे. या मिश्रणाला टिकणारे भाग 1 एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांत असतात. जुन्या कार्बोरेटरमधली रबरी ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी त्याने फुगते, कडक होते, चिरते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने अशा दुचाकींचे ॲव्हरेज तीन-चार टक्के कमी होईल असे सांगितले होते, ते सोसण्यासारखे आहे. नळी आणि कार्बोरेटर किट दर दोन वर्षांनी बदलावे, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

सुटे भाग हा शेवटचा आणि बहुधा निर्णायक मुद्दा. इथे वय उलटे चालते. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा 1996 मध्ये बंद पडली, तरी तिचे भाग आजही कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर मिळतात. कारण ते साधे आहेत, कुणीही लेथवर वळू शकतो. जास्त खपाच्या 346 च्या इंजिनाला अजून बरीच वर्षे मरण नाही. ज्यांच्याकडे त्याच काळात घेतलेली, थोडीच खपलेली, कंपनीने केव्हाच बंद केलेली परदेशी बनावटीची टूरर आहे, त्यांनी भाग मिळत नाहीत अशी पहिली वेळ आली की लगेच निघावे, दुसरीची वाट पाहू नये. आणि आज घेतलेली नवी गाडी 2040 साली काय करेल? तिचा रंगीत पडदा, एबीएसचा मॉड्यूल, इंजिनाचा संगणक यांतले एक गेले तर नाक्यावरचा मिस्त्री काहीही करू शकणार नाही. कार्बोरेटरची गाडी ही गल्लीत दुरुस्त होणारी शेवटची पिढी आहे. जुनी धडधाकट असेल तर तिला जरा जास्त मान द्यायला हे कारण खरे आहे.

मान जास्त होऊ नये म्हणून एक इशारा. काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि विकायला सांगितले. त्यांनी मागितलेली किंमत, मग न मिळालेले विद्यार्थी द्यायला तयार होते त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. इथे पंधरा वर्षे आणि लडाख आहे. तेव्हा आपल्या मनातल्या किमतीचा विचार न करता दोन अनोळखी डीलरकडे भाव विचारावा आणि कमी असलेला हिशेबात धरावा.

गाडीबरोबर चालवणाऱ्याचेही पंधरावे वर्ष सरलेले असते, हे शोरूममध्ये आठवत नाही. तिशीत घेतलेली गाडी पंचेचाळिशीत ढकलावी लागते तेव्हा गुडघा बोलतो. हिमालयनचे आसन 825 मिलिमीटर उंच आहे आणि वजन 196 किलो. पाच फूट पाच इंचाच्या माणसाने ती सपाट फरशीवर बसून पाहू नये, आरेच्या चढावर थांबवून, एक पाय टेकवून पाहावी. टेस्ट राइड मागितली की मिळते, लोक मागत नाहीत.

विकायचे ठरले तर एक जुने कागदी भूत वाट अडवते. पंधरा वर्षांपूर्वी गाडी कर्जावर घेतली, कर्ज कधीच फिटले, पण आरसीवरचा बँकेचा बोजा काढायचा राहून गेला. आणि मधल्या काळात बँकच राहिली नाही. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक वर्षभराने युनियन बँकेत. ना-हरकत दाखला आता विलीन करून घेणाऱ्या बँकांकडून घ्यावा लागतो, आणि जुन्या शाखेची फाइल कुठे गेली हे शोधायला त्यांना वेळ लागतो. दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्यावरच गिऱ्हाइकाला बोलवावे, मग फॉर्म 29 आणि 30. गाडी आणि चावी दिल्याने मालकी जात नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर आरसी नव्या नावावर दिसेपर्यंत, त्या गाडीने कोल्हापुरात सिग्नल तोडला तर चलन गोरेगावच्या पत्त्यावरच येते.